मशीन मधेच सरकतं, दोष कुणाचा?

पत्र : नमस्कार. नागपूरच्या हिंगणा रोडला आमचं लाकडाच्या कोरीव कामाचं छोटं वर्कशॉप आहे. बाबा सुतार. मी दोन वर्षांपूर्वी सीएनसी राऊटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमानं लाकूड कोरणारं मशीन, बसवला. बर्डीच्या बाजारातून ऑफिसमधला वापरलेला पीसी आणला, चार कोअरचा आय-फाइव्ह. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि मशीन चालवणारं लिनक्स-सीएनसी टाकलं, मशीनला जोडायला पॅरलल पोर्टचं कार्ड लावलं. मशीन चालतं, पण तीन-चार तासांच्या कामात कधीतरी वाय अक्ष दोन-तीन मिलिमीटर सरकतो आणि पुढची सगळी नक्षी तिरकी बसते. सागवानाचे दोन पल्ले वाया गेले. मोटर बदलली, कपलिंग बदललं. एक जण म्हणतो मोटरचा ड्राइव्ह (मोटरला वीज देणारं सर्किट) बदला, दुसरा म्हणतो नवीन आय-सेव्हन घ्या. मधूनमधून स्क्रीनवर रिअलटाइम डिलेचा मेसेज येतो. लेटन्सी टेस्ट (पीसी वेळ किती चुकवतो ते मोजणारी) लावली तर आधी १४ हजार दाखवत होती, जेवून आलो तर १ लाख ८६ हजार. हे चांगलं की वाईट, तेही कळत नाही. बाबा म्हणतात, हातानं केलं असतं तर एव्हाना दार लागलं असतं. काय करू?
— हिंगणा रोडचा एक वाचक

उत्तर :

भाऊ,

टेस्ट चालू ठेवून तुम्ही जेवायला गेलात, हे फार बरं केलंत. बहुतेक जण दोन मिनिटं बघतात, आकडा लहान दिसला की खिडकी बंद करतात आणि मग सहा महिने मोटरी बदलत बसतात. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तो १ लाख ८६ हजारांचा आकडा आहे. तो वाईट आहे. पण तो दिसला, म्हणजे आता कुठे शोधायचं ते कळलं.

हा आकडा नॅनोसेकंदांत असतो. हजार नॅनोसेकंदांचा एक मायक्रोसेकंद, म्हणजे तुमचा जिटर, वेळेतली चूक, १८६ मायक्रोसेकंद. त्या खिडकीत दोन ओळी असतात, दोन थ्रेडच्या, म्हणजे ठरावीक वेळानं चालणाऱ्या दोन कामांच्या. सर्व्हो थ्रेड एक मिलिसेकंदाला एकदा जागा होतो आणि मशीननं कुठे जायचं याचं गणित करतो. बेस थ्रेड साधारण २५ मायक्रोसेकंदांना एकदा जागा होतो आणि पॅरलल पोर्टवर प्रत्यक्ष पल्स टाकतो, म्हणजे मोटरला एकेक पाऊल टाकायला लावणारा विजेचा ठोका. ठरलेल्या वेळेपेक्षा तो जास्तीत जास्त किती चुकला, हे 'मॅक्स जिटर'च्या रकान्यात दिसतं. पॅरलल पोर्टनं पल्स काढायचे असतील तर हा आकडा १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत हवा. ३० ते ५० असला तरी काम चालतं, थोडा वेग सोडावा लागतो. शंभराच्या वर गेला की त्या पीसीकडून पल्स काढायच्या भानगडीत पडू नये.

तुमच्या मशीनवर याचा अर्थ काय होतो ते हिशेबानं बघू. बॉलस्क्रू ५ मिमी पिचचा (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा), मोटर फेऱ्याला २०० स्टेपची आणि ड्राइव्हवर ८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आठ भाग) आहेत असं धरतो, कारण अशा राऊटरवर बहुधा हेच असतं. एका फेऱ्याला १६०० पल्स, म्हणजे एका मिलिमीटरला ३२०. रॅपिड (न कापता सरकण्याचा वेग) मिनिटाला ४००० मिमी ठेवलं असेल तर सेकंदाला २१ हजारांवर पल्स लागतात. दोन पल्समधलं अंतर ४७ मायक्रोसेकंद. आता मधेच पीसी १८६ मायक्रोसेकंद गप्प बसला की जवळजवळ चार पल्सची पोकळी पडते. गॅन्ट्रीचं (टूल वाहणाऱ्या आडव्या सांगाड्याचं) वजन वेगात पुढे चाललेलं, आणि मोटरला पुढचा हुकूमच येत नाही. ती अडखळते, तिचा सूर क्षणभर तुटतो (कान देऊन ऐकलंत तर 'टक्' असा आवाज कळतो), आणि पल्स पुन्हा सुरू होतात तेव्हा रोटर आपल्या जागेवर नसतो. स्टेप गेली. स्टेपर मोटर उलट निरोप देत नाही, त्यामुळे पीसीला यातलं काहीच कळत नाही. स्क्रीनवर वाय शून्य दाखवतो आणि टूल खुणेपासून तीन मिलिमीटर लांब उभं असतं. तुमचे दोन पल्ले माझ्या अंदाजानं असेच गेले.

मी 'अंदाजानं' म्हणतोय, कारण खात्री तुम्हीच करायची आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. अक्ष सरकण्याची कारणं तीन-चार असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई) असेल तर दिशा बदलताना फरक पडतो, पण तो साठत जात नाही. पहिल्या तासाला जेवढा, तेवढाच चौथ्या तासाला. ड्राइव्हला दिशा बदलल्याचं कळायला जो किमान वेळ लागतो तो सेटिंगमध्ये कमी पडला असेल, तर दर वळणाला एखादी स्टेप जाते आणि अक्ष हळूहळू एकाच बाजूला सरकत राहतो. कोरीव कामात वळणं हजारो, त्यामुळे तास-दोन तासांत ते मिलिमीटरभर होतं. तसं दिसलं तर डायरेक्शन सेटअप आणि होल्डचा वेळ वाढवा, पीसीला हात लावू नका. स्पिंडलच्या (टूल फिरवणाऱ्या मोटरच्या) व्हीएफडीचा, म्हणजे तिचा वेग बदलणाऱ्या डब्याचा, विद्युत नॉइज असेल तर स्पिंडल बंद ठेवून तोच प्रोग्राम हवेत चालवल्यावर सरकणं थांबतं. तेव्हा शील्ड केबल आणि अर्थिंग बघायचं. तुम्ही लिहिता तसं, तासन्‌तास सगळं ठीक आणि एकदम एका झटक्यात दोन-तीन मिलिमीटर, आणि त्याच सुमाराला डिलेचा मेसेज, ही मात्र लेटन्सीची खूण आहे. तो मेसेज लिनक्स-सीएनसी चालू केल्यापासून एकदाच येतो, हे लक्षात असू द्या. तो एकदा पुसला आणि पुन्हा आला नाही, म्हणजे डिले थांबला असं समजू नका.

तर ड्राइव्ह बदलू नका. आणि नवीन आय-सेव्हन तर मुळीच घेऊ नका.

हे आग्रहानं सांगतोय, कारण चांगल्या चांगल्या माणसांचे पैसे इथेच बुडतात. भजनात पखवाजवाल्याचा हात कितीही तयार असू दे, तो समेवर आला नाही तर अख्खं मंडळ अडखळतं. मशीनला पीसीकडून तेवढंच हवं असतं, दर २५ मायक्रोसेकंदांना वेळेवर हजेरी. एका सेकंदात किती काम उरकलं याच्याशी तिला देणंघेणं नाही. नवा प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी सतत डुलकी घेतो, घड्याळ कमी-जास्त करतो, दोन थ्रेडना एकच कोअर वाटून देतो. ऑफिसच्या कामाला हे सगळं उत्तम, आपल्याला प्रत्येक गोष्ट अडचणीची. दहा वर्षं जुना, साध्या मदरबोर्डचा पीसी कित्येकदा नव्यापेक्षा वक्तशीर निघतो. तुमचा आय-फाइव्ह वाईट नाही. त्याच्या सवयी मोडायला हव्यात.

एक वही घ्या. एका वेळी एकच बदल करायचा, प्रत्येक बदलानंतर निदान अर्धा तास टेस्ट चालवायची आणि आकडा वहीत लिहायचा. एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि आकडा सुधारला, तर कशानं सुधारला ते कळणार नाही. बिघडला तर त्याहून वाईट. टेस्ट चालू असताना पीसीला मुद्दाम छळा: मोठी फाइल कॉपी करा, खिडक्या इकडून तिकडे ओढा, ग्लेक्स-गिअर्सच्या (glxgears, फिरती चाकं दाखवणारा छोटा प्रोग्राम) दोन-तीन खिडक्या उघडून ठेवा, ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावा. प्रत्यक्ष काम करताना यातलं काहीच करायचं नाही. त्या पीसीवर व्हॉट्सअ‍ॅप नको, गाणी नकोत, वायफाय तर काढूनच टाका.

पहिल्यांदा बघा, पीसी रिअलटाइम कर्नलवर (वेळ पाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यावर) चालतोय का. टर्मिनलमध्ये 'यूनेम -ए' (uname -a) द्या, उत्तरात 'प्रीएम्प्ट-आरटी' दिसायला हवं. डेबियनचं अपडेट झाल्यावर पीसी गुपचूप साध्या कर्नलवर सुरू होतो, असं मी बऱ्याच जणांकडे पाहिलंय. लिनक्स-सीएनसी त्यावरही उघडू शकतं. रिअलटाइमचं हे काम वीस वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर पॅच म्हणून चालू होतं. २०२४ मध्ये, ६.१२ या आवृत्तीत, ते मुख्य कर्नलमध्ये आलं. तरी डेबियनमध्ये आरटी कर्नलचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं आणि सुरू होताना तेच निवडलं जातंय ना, ते बघावं लागतं.

मग बायोस, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग. हायपर-थ्रेडिंग असेल तर बंद. स्पीडस्टेप बंद, टर्बो बंद, सी-स्टेट (प्रोसेसरच्या डुलक्या) सगळे बंद, सी-वन-ई (C1E) वेगळं दिसत असेल तर तेही. वापरात नसलेलं साउंड, ब्लूटूथ, सीरियल पोर्ट बंद. पंख्याचा वेग आपोआप कमी-जास्त होण्याऐवजी कायम पूर्ण ठेवा. एवढ्यावर तुमचा १८६ चा आकडा अर्ध्यावर आला तर मला आश्चर्य वाटणार नाही, कारण वीज वाचवण्याच्या सवयी हेच यातलं सगळ्यात नेहमीचं कारण.

बायोसमध्ये 'लेगसी यूएसबी' नावाची एक ओळ असते, तिच्याबद्दल थोडं जास्त सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पीसी होता. अर्धा मिनिट जिटर १२-१३ मायक्रोसेकंद, आणि मग अचानक एक उडी दोनशेच्या वर. पुन्हा अर्धा मिनिट शांत, पुन्हा उडी. माउस हलवला नाही तरी, नेटवर्कची वायर काढली तरी. दोन रविवार मी कर्नलच्या सेटिंगमध्ये घालवले. असा ठरावीक ठेक्यातला झटका लिनक्समधून येतच नव्हता, हे उशिरा लक्षात आलं. मदरबोर्डचं फर्मवेअर मधेच प्रोसेसरला आपल्या कामासाठी ओढून नेतं. तापमान बघायला, यूएसबीचा कीबोर्ड जुन्या कीबोर्डसारखा भासवायला. याला सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट म्हणतात. लिनक्सच्या दृष्टीनं तेवढा वेळ घडलेलाच नसतो, त्यामुळे लिनक्समध्ये कितीही शोधलं तरी सापडत नाही. लेगसी यूएसबी बंद केलं आणि उडी गेली. तुमच्याकडेही झटके घड्याळासारखे येत असतील तर 'आरटी-टेस्ट्स' पॅकेजमधलं 'एचडब्ल्यू-लॅट-डिटेक्ट' (hwlatdetect) चालवा, तो नेमका हाच दोष पकडतो. मात्र लेगसी यूएसबी बंद केल्यावर काही बोर्डांवर पीसी सुरू होताना यूएसबी कीबोर्ड चालत नाही, म्हणून गोल प्लगचा जुना पीएस-टू कीबोर्ड हाताशी ठेवा. हे इंटरप्ट सॉफ्टवेअरमधून दाबून टाकायचे उपाय काही जण सांगतील. ते करू नका. त्याच वाटेनं प्रोसेसरचं उष्णतेपासून रक्षण होत असतं, आणि आपण नागपुरात राहतो. बायोसमधून सुटलं नाही तर मदरबोर्ड बदला. बर्डीत दुसरा जुना पीसी मिळेल. घेण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स-सीएनसी सुरू करून तिथेच अर्धा तास टेस्ट लावू द्या म्हणावं. ओळखीचा दुकानदार नाही म्हणत नाही.

बायोस झालं की कोअर वेगळा काढायचा. चार कोअरपैकी शेवटचा फक्त मशीनसाठी राखायचा, बाकी सगळा संसार उरलेल्या तिघांवर. ग्रबच्या (पीसी सुरू होताना लिनक्स उघडणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये कर्नलच्या ओळीत 'isolcpus=3' असं लिहा (मोजणी शून्यापासून, म्हणून चौथा कोअर ३), अपडेट-ग्रब द्या, पीसी पुन्हा सुरू करा. लिनक्स-सीएनसी आपले रिअलटाइम थ्रेड शेवटच्या कोअरवर ठेवतं, वेगळं काही सांगावं लागत नाही. 'आयआरक्यू-बॅलन्स' नावाची सेवा चालू असेल तर बंद करा, ती इंटरप्टची कामं कोअरांमध्ये वाटत फिरते. बायोसमध्ये सी-स्टेटची ओळच नसेल तर प्रोसेसरला डुलकी घेऊ न देण्याची सूचना याच ग्रबच्या ओळीत देता येते. त्यानं प्रोसेसर जास्त तापतो, म्हणून ती शेवटी.

ग्राफिक्सबद्दल थोडक्यात. बोर्डावरचं ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच वाटा घेतं, त्यामुळे खिडकी ओढली की जिटर वाढतो असं दिसलं तर एखादं साधं जुनं कार्ड लावून बघा. एन्विडियाचं असेल तर कंपनीचं स्वतःचं ड्रायव्हर टाकू नका, रिअलटाइमच्या कामात ते अनेकदा त्रास देतं.

आता जे तुम्हाला बाहेरचं कोणी सांगणार नाही ते. तुमची टेस्ट कोणत्या वेळी झाली? जेवायच्या सुमाराला, म्हणजे भर दुपारी. तुमच्या पीसीच्या डब्याचं झाकण काढा आणि प्रोसेसरवरच्या हीटसिंकमध्ये टॉर्च मारून बघा. लाकडाच्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं चाललेल्या पीसीत पंख्याखाली भुशाची गादी बसलेली असते, नमद्यासारखी, बोटानं उचलली तर अख्खी निघते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि हवा जायला वाट नाही. प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की जीव वाचवायला स्वतःचं घड्याळ कमी करतो, आणि तेव्हा सगळी वक्तशीरता संपते. सकाळी ८ वाजता १४ हजार दाखवणारा पीसी दुपारी ३ वाजता लाखावर जातो तो असा. हीटसिंक साफ करा, थर्मल पेस्ट नवीन लावा, पंख्यापुढे धुता येईल अशी जाळी लावा आणि दर शनिवारी ती झटकत जा. पीसी कूलरच्या झोतात ठेवू नका. ओली हवा आणि भुसा मिळून बोर्डावर जो लेप चढतो, तो भुशापेक्षा वाईट. भिंतीपलीकडे ठेवता आला तर सगळ्यात चांगलं. अखेरची टेस्ट दुपारीच घ्या, स्पिंडल, कूलर, कॉम्प्रेसर सगळं चालू ठेवून, निदान तीन तास.

आकडा २५ मायक्रोसेकंदांच्या आसपास आला तर बेस पीरियड (बेस थ्रेडच्या दोन फेऱ्यांमधला वेळ) ३० मायक्रोसेकंद ठेवा. पॅरलल पोर्टच्या ड्रायव्हरला पल्स त्याच फेरीत खाली आणायला सांगता येतं, त्याला डबल-स्टेप म्हणतात. ते चालू असलं की सेकंदाला ३३ हजार पल्स मिळतात. तुम्हाला २१ हजार हवेत, म्हणजे ४००० मिमीचा वेग आरामात. ४०-४५ वर अडकला तर मायक्रोस्टेप आठवरून चारवर आणा, पल्सची गरज निम्मी होते. लाकडाच्या नक्षीत तो फरक तुमच्या बाबांच्या नजरेलाही दिसणार नाही. आणि आज, यातलं काहीच झालेलं नसताना, बेस पीरियड १९० वर नेऊन चालवायचं म्हटलं तर मिनिटाला हजार मिलिमीटरसुद्धा धड मिळत नाहीत. पल्ला वाया जाणार नाही, पण चार तासांचं काम दिवसभर चालेल. ऑर्डर अगदी अडलेली असेल तर तेवढ्यापुरतं तसं करा.

सगळं करूनही आकडा ५० च्या खाली येईना, तर मग पैसे खर्च करा, आणि ते पीसीवर नकोत. मेसाचं ७-आय-९६ सारखं इथरनेट कार्ड घ्या. त्यात पल्स काढायचं काम कार्डावरची एफपीजीए चिप करते. पीसीनं मिलिसेकंदाला एकदा निरोप दिला की झालं. बेस थ्रेड लागतच नाही, आणि शंभर मायक्रोसेकंदांचा जिटरही चालून जातो. फक्त कार्डाची वायर थेट पीसीला जोडा, मधे इंटरनेटचा राऊटर किंवा स्विच नको. माझं मत विचाराल तर रोजच्या धंद्याचं मशीन असेल तिथे हे कार्ड कधी ना कधी घ्यावंच. पण आधी वरचं सगळं करा, कारण तापलेला, भुसा भरलेला पीसी त्या कार्डालाही वेळेवर निरोप देणार नाही.

बाबांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. हातातली पटाशी चुकली की ते तिथल्या तिथे सावरत आले, मशीनला ते जमत नाही, आणि वाया गेलेलं सागवान त्यांनी स्वतः निवडून आणलेलं असणार. त्यांना या कामात घ्या. वाया गेलेल्या पल्ल्यांपैकी एक टेबलावर उलटा बांधा. त्याच्या मागच्या बाजूला शून्यावर व्ही-बिटनं एक बारीक खूण करा, बिट वर घ्या आणि तोच चार तासांचा प्रोग्राम दुपारी हवेत चालवा, पूर्ण वेगानं. संपल्यावर बिट शून्यावर आणून त्याच जागी पुन्हा खूण करा. दोन खुणांची एकच रेघ दिसते की दोन, हे बाबांना बघायला सांगा. नवा पल्ला त्यांनी होकार दिल्यावरच लावा. वहीतले आकडे मला पाठवा, आधीचे आणि नंतरचे दोन्ही.